वाचक विचारतात : दगडी भिंत तेल चोपडल्यासारखी का चकाकते?

या वेळच्या टपालात गेमच्या टेक्स्चरमधल्या (वस्तूंवर चढवलेल्या चित्रांमधल्या) चकाकीवरच इतके प्रश्न होते की दोन्ही पाने त्यांनाच दिली आहेत. बहुतेक प्रश्न 'स्कायरिम' या गेमचे आहेत, एक सोर्स इंजिनचा आणि एक युनिटीचा (ही दोन्ही गेम बनवायची साधने). मेनू आणि बटणांची नावे प्रोग्राममध्ये जशी आहेत तशीच देवनागरीत दिली आहेत. अल्फा म्हणजे चित्राच्या फाइलमधला लाल, हिरवा, निळा सोडून उरलेला चौथा चॅनल. त्याचे आकडे ० ते २५५ या मापात आहेत.

प्रश्न : स्कायरिममधल्या व्हाइटरनच्या तटासाठी दगडाच्या फोटोंवरून नवे टेक्स्चर केले. रंग मनासारखा आला, पण सकाळच्या उन्हात भिंत प्लास्टिकची वाटते. टेक्स्चर बरेच काळपट करून पाहिले, चमक तशीच. — एक वाचक, सांगली

उत्तर : टेक्स्चर काळे करून भिंत काळी होईल, चकाकी जाणार नाही. चकाकीचा हिशेब दुसऱ्या फाइलमध्ये असतो.

भिंतीच्या निदान दोन फाइली असतात. एक रंगाची. दुसरीचे नाव तेच, फक्त शेवटी अंडरस्कोर आणि एन. ती निळी-जांभळी दिसणारी फाइल म्हणजे नॉर्मल मॅप. तिच्या लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनलमध्ये पृष्ठभाग कुठे कोणत्या बाजूला कललाय ते लिहिलेले असते. उरलेल्या चौथ्या चॅनलमध्ये, म्हणजे अल्फात, तिथून किती उजेड झळकायचा ते असते. जिंपसारख्या चित्रे काढायच्या प्रोग्रामला अल्फाचा पारदर्शकता हा एकच अर्थ ठाऊक असल्याने तो ही फाइल विरलेल्या कापडासारखी दाखवतो. गेमला त्या आरपारपणाशी घेणेदेणे नाही. ० म्हणजे चकाकी शून्य, २५५ म्हणजे पूर्ण.

तुमची चूक बहुधा इथे झाली आहे : फाइलमध्ये अल्फाच नसेल तर ग्राफिक्स कार्ड तो २५५ धरते. फोटोवरून नॉर्मल मॅप बनवणारी बहुतेक साधने अल्फा देत नाहीत, आणि फाइल डीएक्सटी१ या कॉम्प्रेशन पद्धतीत सेव्ह केली तर असलेलाही जातो. मग अख्खी भिंत, सांध्यातल्या चुन्यासकट, ओली दिसते.

तपासायला फाइलचा आकार पाहिला तरी पुरे. २०४८ बाय २०४८ ची मिपमॅपसह (लांबून दिसण्यासाठीच्या लहान प्रतींसह) डीएक्सटी१ फाइल सुमारे २.७ एमबीची असते, डीएक्सटी५ सुमारे ५.३ एमबीची. पहिला आकडा दिसला तर अल्फा नाही असे समजा. दुसरा दिसला तर अल्फा आहे, पण तो सपाट पांढरा असू शकतो.

आता दुरुस्ती, जिंप २.१० या चित्रे काढायच्या प्रोग्राममध्ये. डीडीएस (गेमची टेक्स्चर) फाइल उघडताना 'लोड मिपमॅप्स'ची खूण काढा, नाहीतर लहान लहान दहा-बारा लेयर उघडतील. मग लेयर, मास्क, 'अॅड लेयर मास्क' या वाटेने जाऊन 'ट्रान्सफर लेयर्स अल्फा चॅनल' निवडा. अल्फा उचलून मास्कमध्ये येतो आणि खालचे रंग पुरते दिसू लागतात. लेयर पॅनलमध्ये आता दोन छोटी चित्रे शेजारी शेजारी दिसतील. मास्कच्या चित्रावर ऑल्ट धरून क्लिक केले की पडद्यावर फक्त मास्क, राखाडी रंगात, येतो. काम सुरू करण्यापूर्वी पांढरी चौकट मास्कभोवतीच आहे ना ते बघा. ती लेयरभोवती असेल तर तुम्ही राखाडी रंग थेट नॉर्मलवर फासाल, आणि दगडाचे सगळे उठाव सपाट होतील. ही चूक बरेच जण करतात आणि दोष डीएक्सटीला देतात.

मास्क कसा भरायचा? सोपी वाटणारी वाट म्हणजे रंगाचे टेक्स्चर कृष्णधवल करून तिथे चिकटवणे. ती घेऊ नका. चुना पांढरा असतो पण कोरडा, झळकत नाही. काळा ओला दगड झळकतो. कृष्णधवल चित्र नेमके उलटे सांगते. त्यापेक्षा सगळा मास्क २५ च्या आसपासच्या गडद राखाडीने भरा. वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत झालेल्या कडा आणि घडीव माथे ४५ पर्यंत उजळा, सांधे आणि भेगा ५ ते १० वर आणा, शेवाळ १० वर. खडबडीत दगडासाठी एवढे पुष्कळ झाले. अगदी ० वर मात्र जाऊ नका, किमान २-३ ठेवा. काही प्रोग्राम पूर्ण पारदर्शक ठिपक्याखालचा (पिक्सेलखालचा) रंग टाकून देतात, आणि इथे रंग टाकणे म्हणजे नॉर्मलची दिशा टाकणे. डोळ्याला ० आणि ३ मधला फरक दिसत नाही.

शेवटी लेयर, मास्क, 'अप्लाय लेयर मास्क'. एक्सपोर्ट करताना कॉम्प्रेशन बीसी३ अर्थात डीएक्सटी५, मिपमॅप्स 'जनरेट'. एक्सपोर्ट केलेली फाइल एकदा पुन्हा उघडा आणि कलर पिकरने दोन-चार ठिकाणचा अल्फा टक्क्यांत बघा. २५ म्हणजे जवळपास १० टक्के. वेगळा आकडा आला तर मास्क लेव्हल्सने (उजळ-गडद करायच्या साधनाने) तेवढा वर-खाली करा. मास्कवर रंगवलेला राखाडी आणि फाइलमध्ये उतरलेला आकडा एकच असेल असे गृहीत धरू नका.

फाइल डेटा फोल्डरमधल्या टेक्स्चर्स फोल्डरात, मूळ बीएसए संचात (गेमच्या बांधीव फाइलगठ्ठ्यात) होती त्याच मार्गावर ठेवा, कारण सुटी फाइल संचातल्या फाइलवर मात करते. मॉड (गेममधले बदल) सांभाळणारा मॉड ऑर्गनायझर वापरत असाल तर वेगळा मॉड करा, मूळ मॉडमध्ये हात घालू नका. मग गेम नव्याने सुरू करून कन्सोलमध्ये (आज्ञा लिहायच्या खिडकीत) 'सेट गेमअवर टू ७' लिहा. तिरप्या उन्हात चकाकीच्या चुका उघड्या पडतात. दुपारी बाराला सगळ्याच भिंती शहाण्या दिसतात.

प्रश्न : चकाकी कमी करायची म्हणून रंगाच्या टेक्स्चरवर इरेझर ५० टक्क्यांवर ठेवून फिरवला. चकाकी तशीच राहिली आणि झाडांच्या पानांना भोके पडली. — एक वाचक, अकोला

उत्तर : फाइल चुकली. स्कायरिममध्ये रंगाच्या फाइलचा अल्फा खरोखरच आरपारपणासाठी आहे, तोही मेशला (वस्तूच्या त्रिमिती आकाराला) नायअल्फाप्रॉपर्टी ही आरपारपणाची नोंद जोडलेली असेल तेव्हाच. पानांना ती असते. तिच्यात बहुधा १२८ ची उंबरठ्याची मर्यादा असते : त्याखालचा ठिपका काढलाच जात नाही. इरेझरने तुम्ही निम्मी पाने त्या उंबरठ्याखाली ढकललीत. दगडाला ही प्रॉपर्टी नसते, म्हणून तिथे काहीच झाले नाही. रंगाची फाइल मूळची परत आणा आणि वरच्या उत्तराप्रमाणे नॉर्मल मॅप घ्या.

प्रश्न : तलवारीच्या पात्याचा अल्फा पूर्ण पांढरा केला. तरी पोलाद वाटत नाही, ओले रबर वाटते. आणखी किती वाढवायचे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आणखी वाढवायला जागाच नाही, २५५ च्या पुढे आकडा नाही. तुम्हाला हवे आहे ते त्या चॅनलमध्ये नाहीच.

चकाकीच्या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. किती उजेड झळकतो ते अल्फा सांगतो. झळक पसरट पडते की सुईच्या टोकासारखी, ते मेशमधली ग्लॉसिनेस सांगते. आणि भोवतालचे आभाळ-भिंती त्यात दिसतात की नाही, ते एन्व्हायर्नमेंट मॅप ठरवतो. तेल लावलेला मातीचा घडा आणि घासलेली स्टीलची वाटी शेजारी ठेवा. दोन्ही चमकतात, पण घड्यावर पसरट डाग असतो आणि वाटीत खिडकी दिसते. तुम्ही घडा जास्तीत जास्त चमकवला आहे.

निफस्कोप या मेश पाहायच्या प्रोग्राममध्ये तलवारीचा निफ (मेशची फाइल) उघडा, पात्यावर क्लिक करा आणि त्याची बीएसलाइटिंगशेडरप्रॉपर्टी (उजेड कसा पडतो त्याची नोंद) शोधा. ग्लॉसिनेस बहुधा ८० च्या आसपास असते. पोलादासाठी १२० ते २०० करून पाहा. डाग लहान आणि टोकदार होईल. स्पेक्युलर स्ट्रेंग्थ १ वरच ठेवा. ती वाढवणे म्हणजे अल्फात केलेल्या चुकीला मागच्या दाराने आत घेणे.

मग प्रतिबिंब. शेडर टाइप 'एन्व्हायर्नमेंट मॅप' निवडा आणि शेडर फ्लॅग्जच्या पहिल्या गटात 'एन्व्हायर्नमेंट मॅपिंग' चालू करा. दोन्ही एकत्रच करा. टाइप एक आणि फ्लॅग दुसरे सांगत असेल तर गेम बंद पडू शकतो. बीएसशेडरटेक्स्चरसेटमध्ये पाचव्या जागी क्यूबमॅपचा (भोवतालच्या चित्राच्या फाइलचा) मार्ग द्या, गेमच्या क्यूबमॅप्स फोल्डरात तयार आहेत. सहाव्या जागी मास्क, ज्याच्या नावाशेवटी अंडरस्कोर एम असते. इथे मास्कचे राखाडी रंग थेट रंगाच्या चॅनलमध्ये असतात, अल्फा लागत नाही, म्हणून डीएक्सटी१ चालते. एन्व्हायर्नमेंट मॅप स्केल १ पासून सुरू करा. कमी करणे नेहमी सोपे असते.

आता पात्याकडे परत. सपाट पांढरा अल्फा रबरासारखा दिसण्याचे आणखी एक कारण आहे : सगळेच सारखे चमकते. पारजलेली धार २२० वर, पात्याचा मधला भाग १५० वर, मधली खोबण १०० च्या आसपास, मुठीजवळचा गंज २५ वर ठेवा. हा फरक दिसला की डोळा लगेच 'लोखंड' म्हणतो.

आणि रंगाची फाइल बघा. फोटोवरून केली असेल तर त्या फोटोत खऱ्या दिव्याची झळक आधीच छापलेली असणार. गेम तिच्यावर स्वतःची झळक चढवतो, आणि छापलेली झळक तलवार फिरवली तरी जागची हलत नाही. ती क्लोन टूलने पुसा. धातूची रंगाची फाइल एकटी बघितली तर कंटाळवाणी, मळकट राखाडीच दिसली पाहिजे.

प्रश्न : एकाच टेक्स्चरवर लाकडी दरवाजा आणि त्यावरच्या लोखंडी पट्ट्या आहेत. पट्ट्यांना धारदार झळक दिली की लाकडावरही व्हार्निश चढते. — एक वाचिका, सातारा

उत्तर : कारण ग्लॉसिनेस अख्ख्या शेपला (मेशच्या एका सुट्या तुकड्याला) एकच असते. अल्फा ठिपक्यागणिक बदलतो, ग्लॉसिनेस बदलत नाही. म्हणून लोखंडासाठी तिला १५० केले की लाकडाची झळकही तेवढीच टोकदार होते. सुटका एकच : लाकडाची झळक इतकी खाली आणा की ती टोकदार आहे हे कळूच नये.

जुन्या वाड्याच्या दारासारखे दार असेल तर आकडे असे धरून सुरुवात करा. फळ्या २५ ते ३०. फळ्यांमधल्या फटी ५. लोखंडी पट्ट्या १३०, त्यांच्या उठलेल्या कडा १६०. खिळ्यांचे माथे १८०, पण माथ्याचा मधला ठिपकाच, पूर्ण गोल नको. गंजलेले डाग २०, कारण गंज झळकत नाही, आणि बहुतेक टेक्स्चरमध्ये हीच जागा विसरलेली असते. कडीभोवती हात लागून गुळगुळीत झालेले लाकूड ५५ ते ६०. ग्लॉसिनेस १०० च्या जवळ ठेवा, ना लाकडाला ना लोखंडाला पूर्ण न्याय, पण दोघांचे भागते.

पट्ट्यांना पुरता न्याय द्यायचाच असेल तर त्या ब्लेंडर या त्रिमिती प्रोग्राममध्ये वेगळा शेप करून वेगळी शेडरप्रॉपर्टी द्या. टेक्स्चर तेच चालेल. एका दारासाठी एवढे करावे का, ते दार गेममध्ये किती ठिकाणी आहे त्यावर ठरवा. ही अडचण पुढे फॉलआउट ४ या गेममध्ये, २०१५ साली, सुटली. तिथे चकाकीची स्वतंत्र फाइल आहे, नावाशेवटी अंडरस्कोर एस, तिच्या लाल चॅनलमध्ये झळकेचे प्रमाण आणि हिरव्यात गुळगुळीतपणा. स्कायरिमचे अल्फाचे सवयीचे काम तिथे नेऊ नका, उपयोग होणार नाही.

प्रश्न : पात्रांचे चेहरे घामेजलेले दिसतात. नॉर्मल मॅपला अल्फाच सापडत नाही. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : नसतोच. शरीर आणि चेहऱ्याचा नॉर्मल मॅप वेगळ्या पद्धतीचा आहे, नावाशेवटी अंडरस्कोर एमएसएन, आणि दिसायला निळा नसून इंद्रधनुषी. चकाकी अंडरस्कोर एस या सुट्या फाइलमध्ये असते. ती लेव्हल्सने गडद करा, कपाळ-नाक-ओठ थोडे उजळ ठेवा. सगळा चेहरा काळा केला तर पुठ्ठ्याचा मुखवटा होतो.

प्रश्न : सोर्स इंजिनसाठी नकाशा (गेममधली खेळायची जागा) करतो आहे. फरशीच्या रंगाच्या टेक्स्चरच्या अल्फात चमकवायचा भाग पांढरा केला. झाले उलटेच : पांढरा भाग मेला आणि बाकीचे आरसे झाले. — एक वाचक, मडगाव

उत्तर : तुम्ही मटेरियल फाइलमध्ये, म्हणजे व्हीएमटीमध्ये, 'बेसअल्फाएन्व्हमॅपमास्क' (सुरुवातीला डॉलरचे चिन्ह) लावले आहे. हा एकटा उलटा चालतो : पांढरे म्हणजे प्रतिबिंब नाही, काळे म्हणजे पूर्ण. विचित्र वाटले तरी त्याला अर्थ आहे. अल्फा नसलेले टेक्स्चर सगळे पांढरे धरले जाते. सरळ नियम असता तर अशा प्रत्येक टेक्स्चरचा आरसा झाला असता. सांगलीच्या वाचकाच्या भिंतीचे जे झाले ते या नियमामुळे टळते. अल्फा उलटा करा, म्हणजे जिंपमध्ये मास्कवर 'इन्व्हर्ट', आणि व्हीटीएफ (सोर्सची टेक्स्चर फाइल) डीएक्सटी५ मध्येच सेव्ह करा.

फरशीला नॉर्मल मॅप जोडणार असाल तर हा पर्याय सोडा, दोन्ही एकत्र चालत नाहीत. तेव्हा 'नॉर्मलमॅपअल्फाएन्व्हमॅपमास्क' वापरा. तिथे मास्क नॉर्मलच्या अल्फात जातो आणि नियम सरळ : पांढरे चमकते. आणि रंगाचा तोच अल्फा आरपारपणालाही वापरायचा बेत असेल तर तो रद्द करा, एका चॅनलकडून दोन कामे होणार नाहीत.

प्रतिबिंबात जांभळे-काळे चौकोन किंवा भलतीच खोली दिसत असेल तर दोष मास्कचा नाही. नकाशात एन्व्ह-क्यूबमॅप (प्रतिबिंब टिपायचा बिंदू) ठेवा, नकाशा कंपाइल करा, गेममध्ये उघडून कन्सोलला 'बिल्डक्यूबमॅप्स' द्या.

प्रश्न : युनिटीत स्वतःचा छोटा गेम करतो आहे. घरातली शहाबादी फरशी आणि तिच्यावर पुसल्यावर राहिलेले ओले डाग हवे आहेत. मास्क जोडला की सगळी फरशी आरसा होते. — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : मास्क कुठल्या फाइलमध्ये ठेवला आहे? जेपीजी असेल तर प्रश्न तिथेच संपला, जेपीजीत अल्फा नसतो. नसलेला अल्फा पुन्हा एकदा पूर्ण पांढरा धरला जातो, आणि युनिटीत पूर्ण पांढरे म्हणजे स्मूदनेस (गुळगुळीतपणा) १, म्हणजे आरसा. टीजीए किंवा पीएनजी वापरा. फोटोशॉपातून येत असाल तर ३२ बिट टीजीए बरा. पीएनजी करताना तिथला सुटा अल्फा चॅनल आरपारपणा म्हणून जात नाही, गळून पडतो.

स्टँडर्ड शेडरमध्ये स्मूदनेस दोन ठिकाणांहून घेता येते : मेटॅलिक टेक्स्चरच्या (कुठे धातू आहे ते सांगणाऱ्या) अल्फातून किंवा अल्बेडोच्या (रंगाच्या टेक्स्चरच्या) अल्फातून. दगडी फरशीला मेटॅलिक टेक्स्चरची गरज नाही. 'सोर्स' अल्बेडो अल्फावर ठेवा, एक फाइल वाचेल. मेटॅलिकची फाइल जोडलीच, तर तिचा लाल चॅनल पूर्ण काळा हवा. फाइल जोडल्यावर मेटॅलिकचा स्लायडर नाहीसा होतो आणि लाल चॅनल सांगेल ते खरे होते. शहाबादी धातूची दिसायला लागली तर आधी तिथे बघा.

आयात करताना 'अल्फा इज ट्रान्स्परन्सी'ची खूण काढा, नाहीतर युनिटी आरपार समजून कडेचे रंग त्या भागात पसरवते. मेटॅलिक फाइल असेल तर तिची एसआरजीबीची खूण काढा, अल्बेडोची राहू द्या. अल्फाला कुठल्याही परिस्थितीत रंगांसारखी गॅमा दुरुस्ती लागत नाही.

ब्लेंडर किंवा इतर ठिकाणी केलेला रफनेस मॅप थेट अल्फात टाकला असेल तर तो उलटा करा. रफनेस म्हणजे खडबडीतपणा, स्मूदनेस त्याची उलटी बाजू, १ मधून वजा.

आकडे : कोरडी, वापरातली शहाबादी ७० ते ९०. चालण्याच्या वाटेवर पायांनी गुळगुळीत झालेली ११० ते १३०. ओला डाग २२० ते २३५, कडेला दोन-तीन ठिपक्यांत उतरता. पण नुसत्या अल्फाने डाग ओला दिसणार नाही, चिकटपट्टी लावल्यासारखा दिसेल. ओल्या दगडाचा रंग गडद होतो, म्हणून अल्बेडोत तीच जागा साधारण तिसऱ्या हिश्शाने काळी करा. आणि पाणी खळगे भरून टाकते, म्हणून नॉर्मल मॅपमध्ये तिथला उठाव जवळजवळ सपाट करा. ही तीन कामे एकाच मास्कवरून करा, म्हणजे कडा जुळतील.

खोलीत रिफ्लेक्शन प्रोब (भोवतालचे प्रतिबिंब टिपणारा बिंदू) ठेवून बेक करायला, म्हणजे ते प्रतिबिंब साठवून ठेवायला, विसरू नका. नाहीतर बंद माजघरातल्या फरशीत निळे आभाळ दिसेल.

प्रश्न : जवळून दगड उत्तम दिसतो, लांबून मात्र त्याच्यावर पांढऱ्या मुंग्या धावल्यासारखे लुकलुकते. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आधी मिपमॅप आहेत का ते पाहा. नसतील तर लांबचा दगड पूर्ण आकाराच्या टेक्स्चरमधून इकडचा-तिकडचा एकेक ठिपका उचलतो, आणि कॅमेरा हलला की दर वेळी वेगळा. असतील, तर अल्फात बारीक दाणे फार आहेत. फोटोवरून केलेल्या मास्कमध्ये एका ठिपक्याला २०, शेजारच्याला १६० असे होते. ग्लॉसिनेसही जास्त असेल तर प्रत्येक उजळ दाणा सुटा चमकतो. मास्कवर १ ते १.५ ठिपक्यांचा गॉशियन ब्लर द्या आणि लेव्हल्सने वरची टोके कापा. बारीक पोत नॉर्मल मॅपमध्ये राहू द्या, अल्फात मोठे आकार पुरतात.

लहान केलेल्या टेक्स्चरमध्ये ही तक्रार जास्त येते, त्याला वेगळे कारण आहे. चार हजारांचे दोन हजारांवर आणताना बहुतेक प्रोग्राम शेजारच्या रंगांची सरासरी अल्फाच्या वजनाने काढतात. गडद अल्फाच्या जागी नॉर्मलची दिशा त्यामुळे ढळते. मायक्रोसॉफ्टच्या टेक्सकॉन्व्ह या मोफत साधनात 'सेपअल्फा' हा पर्याय दिला की अल्फा आणि रंग वेगवेगळे लहान होतात. मिपमॅप करतानाही तोच द्या.

ठिणग्यांऐवजी चौकोनी ठोकळे दिसत असतील तर तो अल्फाचा दोष समजू नका. डीएक्सटी५ अल्फाला ४ बाय ४ च्या प्रत्येक चौकोनात ८ पायऱ्या देते, रंगाला फक्त ४. नॉर्मलच्या दिशा त्या ४ पायऱ्यांत कोंबल्या जातात आणि तिरप्या उन्हात ठोकळे दिसतात. स्कायरिमच्या २०१६ च्या स्पेशल एडिशनसाठी बीसी७ या कॉम्प्रेशनमध्ये सेव्ह करा, फाइल तेवढ्याच आकाराची राहते आणि ठोकळे जातात. २०११ च्या मूळ गेमला बीसी७ वाचता येत नाही. तिथे निवडक मोठ्या पृष्ठभागांपुरते कॉम्प्रेशनशिवायचे ठेवा, फाइल चौपट होईल हे धरून.

प्रश्न : उतरवलेल्या एका मॉडमधले सगळेच चमकते. तीनशे फाइली एकेक करून उघडायच्या का? — एक वाचिका, ठाणे

उत्तर : नको. टेक्सकॉन्व्हला 'स्विझल' पर्यायात आरजीबी आणि पुढे शून्य असे दिले, सोबत 'सेपअल्फा' आणि फॉरमॅट बीसी३ दिला, की फोल्डरभर नॉर्मल मॅपचा अल्फा एका फटक्यात ० होतो. वर ० टाळायला सांगितले ते रंग टाकून देणाऱ्या प्रोग्रामांसाठी; इथे 'सेपअल्फा'मुळे रंग वेगळे राहतात. आधी फोल्डरची प्रत काढून ठेवा, आणि फक्त अंडरस्कोर एनच्या फाइली निवडा. रंगाच्या फाइली त्यात सापडल्या तर पाने आणि जाळ्या अदृश्य होतील. अंडरस्कोर एमएसएनही वगळा.

यानंतर दगड-लाकूड ठीक दिसेल, धातू मात्र मेलेला दिसेल. म्हणून शस्त्रे आणि चिलखतांचे फोल्डर आधीच बाजूला काढा आणि त्यातल्या दहा-पंधरा फाइली हाताने करा. एखाद-दुसऱ्याच वस्तूचा त्रास असेल तर टेक्स्चरला हातही लावू नका : निफस्कोपमध्ये त्या मेशची स्पेक्युलर स्ट्रेंग्थ ०.३ करा आणि सेव्ह करा. वस्तू क्रिएशन किट या स्कायरिमच्या संपादन प्रोग्राममधल्या टेक्स्चर सेटवरून रंगत असेल तर त्याच सेटमध्ये 'नो स्पेक्युलर मॅप' ही खूण आहे.